गावाकडून विद्यापीठात: पहिलं सत्र निभवायचं कसं

मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतून छत्रपती संभाजीनगर, नांदेड, परभणी, लातूरला शिकायला येणाऱ्या मुला-मुलींसाठी हे लिहिलं आहे. प्रवेश, फी, शिष्यवृत्ती यांची माहिती सायबर कॅफेवालाही देतो. तिथं गेल्यावर मन का लागत नाही आणि ते लागावं म्हणून नेमकं काय करायचं, याबद्दल मात्र "होईल हळूहळू सवय" यापलीकडे कुणी बोलत नाही. सवय होते, पण आपोआप नाही. आणि ती होण्याआधीच काही जण टीसी काढून गावाकडं परततात.

गावात बऱ्याच गोष्टी न मागता मिळतात. वेळेला जेवण, दिवसातून दहादा नावानं मारलेली हाक, ताप आला तर दवाखान्यात नेणारं कुणीतरी, "अमक्याची पोरगी" म्हणून असलेली ओळख. विद्यापीठात यातली एकेक गोष्ट विचारून मिळवावी लागते, आणि विचारायचीच लाज वाटते. पहिल्या सत्रातल्या त्रासात सगळ्यात मोठा वाटा या लाजेचा असतो, असं आमचं मत आहे. इंग्रजीचा नंबर त्यानंतर.

कोणत्या आठवड्यात काय होतं

पहिले चार-पाच दिवस धावपळीत जातात, काही जाणवत नाही. घरची आठवण जोरात येते ती पहिल्या आठवड्याच्या शेवटी, आणि पुढचे दोन-तीन आठवडे तिचा जोर राहतो. संध्याकाळी दिवेलागणीला आणि रविवारी दुपारी ती जास्त छळते, कारण त्या वेळेला हाताला काम नसतं. बहुतेकांची ही अवस्था सहा ते आठ आठवड्यांत ओसरते. दुसरा झटका पहिल्या चाचणीचे गुण लागले की बसतो. तिसरा दिवाळीनंतर: सुट्टीवरून परतल्यावर पुन्हा पहिल्या दिवसासारखं वाटतं आणि मुलं घाबरतात की आपण होतो तिथंच आहोत. तसं नसतं. दिवाळीनंतरची उदासी पहिल्यापेक्षा लवकर, साधारण आठ-दहा दिवसांत जाते. हे आधीच ठाऊक असलं तर त्या आठवड्यात शिक्षण सोडण्याचा निर्णय घेतला जात नाही. नियमच करा: पहिल्या दहा आठवड्यांत "सोडायचं का" हा प्रश्न मनात आला तर वहीत तारीख टाकून लिहून ठेवायचा, निर्णय मात्र सत्र संपल्यावर.

निघण्याआधी

कागदपत्रांचं टेन्शन अभ्यासाच्या टेन्शनपेक्षा जास्त झोप उडवतं. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रीमीलेअर, अधिवास प्रमाणपत्र यातलं जे तुम्हाला लागू आहे ते आधीच काढून घ्या; दाखल्यांचे अर्ज तहसीलमधून, जात पडताळणी मात्र जात पडताळणी समितीकडून. मूळ कागदांची एक फाइल, झेरॉक्सची वेगळी. बँक खातं आधारला जोडलेलं आहे का ते तपासा. महाडीबीटीचे (शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे) पैसे अडकण्याचं हे नेहमीचं कारण आहे. सामानात घरची वाकळ घ्या, नवं ब्लँकेट नको. ओळखीच्या पांघरुणात नव्या जागी झोप लवकर लागते. शेंगदाण्याची चटणी, ठेचा न्या, मेसच्या पहिल्या महिन्यात पोटाला त्याचाच आधार असतो. धपाटे दोन-तीन दिवसांपुरतेच.

पहिले दहा दिवस

या दिवसांत तीन माणसं जोडायची, जास्त नाही. एक शेजारच्या खोलीतला किंवा खोलीतलाच, एक वर्गातला, आणि एक आपल्या तालुक्यातला, वर्ष-दोन वर्षं पुढे असलेला. तिसरा सगळ्यात कामाचा: कोणती मेस बरी, कोणते सर रागावत नाहीत, अर्ज कुठं द्यायचा हे त्याला माहीत असतं. फक्त आपल्याच गावच्या चौघांत राहू नका. सुरुवातीला ते बरं वाटतं, पण तीन महिन्यांनी वर्गात एकही ओळखीचा चेहरा नसतो आणि प्रकल्पाच्या गटात कुणी घेत नाही. उलट टोकही तितकंच वाईट: गावाचं सगळं लपवून शहरी होण्याची धडपड. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांनी नव्या संस्कृतीत रुळणाऱ्या माणसांचा अभ्यास करून चार वाटा मांडल्या. जुनं धरून नवंही घेणं, जुनं टाकून फक्त नवं घेणं, फक्त जुन्यात राहणं, आणि दोन्हींपासून तुटणं. त्यातली पहिली वाट सहसा सगळ्यात कमी त्रासाची ठरते.

पहिल्या रविवारी पायी फिरून पाच जागा पाहून घ्या: आपला विभाग, ग्रंथालय, आरोग्य केंद्र, विद्यार्थी विकास विभाग आणि बसथांबा. संभाजीनगरचं विद्यापीठ डोंगराच्या पायथ्याला पसरलेलं आहे, नांदेडचं शहराबाहेर विष्णुपुरीला. रस्ते पायाखालचे झाले की अर्धी धास्ती जाते. ही जागा दुसऱ्यांची आहे असं वाटत असेल तर एवढं लक्षात ठेवा: १९५८ मध्ये संभाजीनगरला विद्यापीठ होण्याआधी मराठवाड्यातली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. आणि आज तुमच्या बाकावरच्या पाच जणांना गाव विचारलंत तर त्यातले दोघे-तिघे तरी खेड्यातलेच निघतील.

झोपेचं एक. गावात साडेनऊला निजून पाचला उठणारा मुलगा वसतिगृहात सगळ्यांबरोबर एकपर्यंत जागतो आणि आठवड्याभरात चिडचिडा होतो. झोपायची वेळ पाळणं गोंगाटात जमत नाही. उठायची वेळ पाळा. पाच ते सात या वेळेत वसतिगृहात शांतता असते, नळाला पाणी असतं, अभ्यासिकेत जागा असते. लवकर उठण्याची ही सवय तुमची जमेची बाजू आहे, ती घालवू नका.

विचारायची लाज कशी मोडायची

कार्यालयाची खिडकी घ्या. बोनाफाइड हवं असतं. आतून "उद्या या" असं येतं आणि मुलगा मान हलवून परत फिरतो, असं चार दिवस. पाचव्या दिवशी शिष्यवृत्तीची तारीख निघून गेलेली असते. खिडकीवर जाण्याआधी चिठ्ठीवर लिहून न्या: पूर्ण नाव, वर्ग, हजेरी क्रमांक, काय हवं, कशासाठी हवं. "उद्या या" म्हटलं की जागचं हलायचं नाही, तीन प्रश्न विचारायचे: "सर, माझा अर्ज आत्ता कोणाच्या टेबलावर आहे? उद्या किती वाजता येऊ? आणखी कोणता कागद लागेल का?" उत्तर तिथंच त्यांच्यासमोर लिहून घ्यायचं. लिहून घेणाऱ्याला सहसा पुन्हा "उद्या या" मिळत नाही. वेळ अकरा ते एकची धरा.

वर्गात विचारणं याहून अवघड. त्यासाठी पायऱ्या करा. पहिली पायरी: तास संपल्यावर सरांना दारापाशी गाठून एक प्रश्न. दुसरी: विभागात त्यांच्या खोलीत जाऊन. तिसरी: ट्युटोरियलला किंवा प्रॅक्टिकलला, कमी मुलांत. चौथी: भर वर्गात. प्रत्येक वेळी भीतीला ० ते १० मध्ये गुण द्या. एका पायरीवर भीती सातवरून तीन-चारवर उतरली की पुढची चढायची. त्यासाठी तीच गोष्ट चार-पाच वेळा करावी लागते. इथं चुकतं ते असं की कुणाचं तरी भाषण ऐकून मुलगा थेट चौथ्या पायरीवर उडी मारतो, त-त-प-प होतं, मागून हसू येतं आणि तो वर्षभर तोंड उघडत नाही. वाक्य आधी तयार ठेवा: "मॅडम, दुसऱ्या मुद्द्यापर्यंत कळलं, तिसरा परत सांगता का?" "काहीच कळलं नाही" म्हणू नका, त्यावर शिक्षकालाही काय सांगावं ते सुचत नाही.

आणि हसणाऱ्यांबद्दल: आपल्याकडं सगळे बघतात असं आपल्याला वाटतं, त्या मानानं लोक फारच कमी बघतात. मानसशास्त्रात यावर प्रयोग झालेले आहेत. तुमची चूक तुम्हाला महिनाभर आठवते, बाकीचे कँटीनला पोचेपर्यंत विसरलेले असतात.

बोलण्याच्या लकबीवरून चिडवाचिडवी होते हे खरं. "कामून", "जायलो", "करूलालास" ऐकलं की पुण्याकडून आलेला एखादा नक्कल करतो. बोली सोडायची गरज नाही. सादरीकरणात, तोंडी परीक्षेत, अर्जात प्रमाण मराठी वापरा. खोलीवर, फोनवर, मित्रांत आपली बोला. नक्कल करणाऱ्याला "व्हय, आमच्याकडं असंच म्हणतेत" एवढं हसून सांगितलं की त्याची मजा संपते. बोली लाजेची वाटत असेल तर पैठणचे एकनाथ, नरसीचे नामदेव आणि गंगाखेडच्या जनाबाई कुठल्या मुलखातल्या ते आठवा.

इंग्रजी पुस्तकापुढं बसल्यावर डोळे मिटतात, त्याला आळस म्हणू नका. एका पानावर वीसेक शब्द अडले की मेंदू थकतो. म्हणून आधी तोच विषय मराठीत वाचा, मराठी विश्वकोश आणि शासनाचे परिभाषा कोश ऑनलाइन फुकट आहेत. मग इंग्रजीतलं एकच पान, त्यातले फक्त ८ ते १० शब्द वहीत, अर्थासह आणि त्या पानावरच्या वाक्यासह. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि दहाव्या दिवशी अर्थ झाकून ते आठवून पाहायचे. रोज पाच पानं ठरवणारे आठवड्यात सोडून देतात. रोज एक पान करणारा सत्राच्या शेवटी पुस्तक वाचतो. परीक्षा मराठीतून लिहिता येते का ते विभागात पहिल्याच महिन्यात विचारा, कला आणि सामाजिक शास्त्रांत बऱ्याच ठिकाणी येते.

घरी किती जायचं

पहिले तीन आठवडे घरी जाऊ नका. त्यानंतर महिन्यातून एकदा. सांगायला हे कठोर वाटतं, पण कारण आहे. उदास वाटलं की शनिवारी गाडी पकडायची आणि घरी पोचलं की बरं वाटायचं, असं तीन-चारदा झालं की उदासीवर गाव हाच एक उपाय अशी मनाची समजूत पक्की होते आणि सोमवार आणखी जड जातो. शिवाय मैत्री जमते ती शनिवार-रविवारीच. परतताना सोमवारच्या पहाटेची एसटी पकडून थेट वर्गात जाऊ नका. रविवारी दुपारपर्यंत खोलीवर पोचा, कपडे धुवा, मित्रांबरोबर जेवा.

घरच्यांशी बोलायची वेळ ठरवून घ्या, रात्री जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं. दिवसातून सहा फोन करणाऱ्यांचं मन इकडं लागत नाही आणि तिकडंही सगळे काळजीत. बोलणं नेहमी असंच होतं: "जेवलीस का माय?" "हो." "बरं हाय ना?" "हो." आणि फोन ठेवल्यावर रडू. त्याऐवजी रोज एक चांगली आणि एक अवघड गोष्ट सांगायची, आणि अवघड गोष्टीबरोबर आपण काय करणार तेही: "मेसचं जेवण बाधायलंय, उद्या दुसरी मेस बघणार हाय." नुसती तक्रार ऐकली की घरचे घाबरून "ये परत" म्हणतात.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न जास्त नाजूक असतो. जमत नाही असं घरी कळलं तर शिक्षण बंद आणि स्थळं बघणं सुरू, ही भीती अनेकींना असते, म्हणून त्या काहीच सांगत नाहीत आणि आतल्या आत घुसमटतात. अशा वेळी घराबाहेरचं एक माणूस पक्कं करा: शिकलेली मावशी, विभागातल्या मॅडम, वसतिगृहाच्या अधीक्षक किंवा विद्यापीठाचे समुपदेशक. घरी सांगायचं ते त्यांच्याशी बोलून, उपाय ठरल्यावर.

पोळा, महालक्ष्म्या, येळवस (वेळा अमावास्या) या दिवसांची आधीच तयारी ठेवा. लातूर-धाराशिवच्या मुलांना मार्गशीर्ष अमावास्येला शेतातली भज्जी आणि आंबील आठवून जे होतं ते इतर जिल्ह्यांच्या मुलांना कळणार नाही. त्या दिवशी खोलीत एकटं बसू नका. त्या भागातल्या पाच-सहा जणांनी मिळून डबा मागवा, बाकीच्यांनाही बोलवा.

पैसा आणि घरचं ओझं

"बापानं सोयाबीन विकून पैसे दिले आणि मी इथं चहा पितोय" हा विचार मराठवाड्यातल्या मुलांना पोखरतो. पाऊस गेला, भाव पडला की तो वाढतो. मग मुलं एक वेळचं जेवण तोडतात. पैसे वाचतात थोडे. दुपारच्या तासाला डोकं चालत नाही, पित्त होतं, गुण घसरतात आणि अपराधी भाव दुप्पट. जेवण आणि पुस्तकं यांना कात्री लावायची नाही, हे घरी स्पष्ट बोलून घ्या.

महिन्याचे पैसे हातात आले की खोलीभाडं आणि मेस आधी द्या. उरलेल्याचे पाच भाग करा, चार आठवड्यांचे चार आणि पाचवा दवाखान्यासाठी. २,००० उरले तर आठवड्याला ४००. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार, पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम्, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता यातली जी योजना लागू असेल तिचा अर्ज करा, पण ती रक्कम खात्यात दिसेपर्यंत हिशेबात धरू नका. हप्ते उशिरा येतात आणि त्यांच्या भरवशावर केलेली उसनवारी झोप घालवते. मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या अ‍ॅपला हात लावू नका. कमवा आणि शिका योजनेत काम करायचं तर सत्राच्या सुरुवातीलाच विद्यार्थी विकास विभागात नाव द्या.

सोयाबीनची काढणी ऑक्टोबरच्या आसपास येते आणि अंतर्गत परीक्षाही त्याच सुमारास. वडिलांशी हे जुलैतच बोला: "काढणीला मी चार दिवस येईन, पण चाचणीच्या तारखा सोडून." ऐन वेळी बोललं की दोन्हीकडं भांडण.

ज्यांचे आई-वडील ऊसतोडीला जातात त्यांचा प्रश्न आणखी वेगळा. दसऱ्यानंतर टोळ्या कारखान्यावर जातात, आणि दिवाळीत वसतिगृह रिकामं होतं तेव्हा गावच्या घराला कुलूप असतं. हे सांगायची लाज बाळगू नका. सुट्टीच्या पंधरा दिवस आधी अधीक्षकांना लेखी अर्ज द्या, कारण लिहा, थांबायची परवानगी आणि जवळची चालू राहणारी मेस, दोन्ही पक्कं करा.

अप-डाऊन करणाऱ्यांना घर सुटल्याचं दुःख नसतं, पण एकटेपण असतं, कारण चारनंतर सगळे गप्पा मारतात तेव्हा त्यांना गाडी गाठायची असते. आठवड्यातून एक दिवस ठरवून उशिराच्या गाडीनं जा आणि ते दोन तास ग्रंथालयात किंवा मित्रांबरोबर घालवा. शेवटच्या गाडीवर विसंबू नका, शेवटून दुसरी धरा.

पहिले गुण

गावच्या शाळेत पहिला आलेला मुलगा इथं चाळिसावा येतो. बुद्धी कमी झालेली नसते. मोजायची रांग बदललेली असते. पहिल्या चाचणीनंतर शिक्षकाकडं उत्तरपत्रिका मागा आणि तीन रकाने करा: माहीत नव्हतं, माहीत होतं पण लिहिता आलं नाही, वेळ पुरला नाही. मधला रकाना भरलेला असेल तर जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन घड्याळ लावून लिहायचा सराव करा; त्यानं गुण सगळ्यात लवकर वाढतात. एखादा विषय राहिला तरी एटीकेटीनं पुढं जाता येतं, नियम विभागात विचारून घ्या.

परीक्षेआधी छाती धडधडत असेल तर चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. आधीचे दोन आठवडे रोज सराव हवा. परीक्षेच्या दारात पहिल्यांदा करणारे घाईघाईनं मोठे श्वास घेतात, हाताला मुंग्या येतात, चक्कर येते आणि भीती वाढते.

ज्याची सवय करून घ्यायची नाही

रॅगिंग, "पूर्ण नाव सांग" म्हणत जात काढून टोमणे, अंगलट येणारा शिक्षक किंवा सीनियर, यांच्याशी जुळवून घ्यायचं नसतं. तक्रार लेखी द्या, दोन प्रतींत. एक देऊन दुसरीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख घ्या. तोंडी तक्रार झालीच नव्हती असं नंतर सहज म्हणता येतं. तारीख, वेळ, जागा, कोण हजर होतं एवढं लिहा, मेसेज जपून ठेवा. रॅगिंगसाठी यूजीसीची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे. जातीवरून त्रास असेल तर समान संधी केंद्र किंवा एससी-एसटी कक्ष, लैंगिक त्रास असेल तर अंतर्गत तक्रार समिती. या समित्या प्रत्येक विद्यापीठात असाव्याच लागतात.

डॉक्टरांकडं कधी जायचं

घरची आठवण येते-जाते. मित्र भेटले, सिनेमा पाहिला की हलकं वाटतं. दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसभर मन खिन्न असेल, कशातच गोडी वाटत नसेल, पहाटे तीनला जाग येऊन झोप लागत नसेल, जेवण सुटलं असेल, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. "बाहेरचं झालं" म्हणून देवऋष्याकडं नेण्यात महिने घालवू नका. संभाजीनगरला घाटी रुग्णालय, तसंच नांदेड, लातूर आणि अंबाजोगाईची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, इथं मानसोपचार विभाग आहेत. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. डॉक्टरांना सांगायला चार ओळी लिहून न्या: कधीपासून, झोप किती तास, भूक कशी, घरात आधी कुणाला असा त्रास होता का. एक मित्र बरोबर असू द्या. गोळ्या सुरू झाल्या तर नैराश्यावरच्या औषधांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. चौथ्या दिवशी "फरक नाही" म्हणून बंद करू नका.

मरणाचे विचार येत असतील, किंवा मित्र तसं बोलत असेल, वस्तू वाटून टाकत असेल, निरोपासारखे मेसेज टाकत असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मित्राला सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतोय का?" असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटं सोडू नका, खोलीतलं विषारी औषध, फवारणीचा डबा, दोरी बाहेर काढा आणि रात्री दोन वाजले असले तरी अधीक्षकांना उठवा. "कुणाला सांगू नको" अशी शपथ त्यानं घातली असेल तर ती मोडा.